गाडी पासिंगला नापास झाली, पुढे काय?

आरटीओच्या मैदानातून गाडी नापास होऊन बाहेर पडली की मालकाचा पहिला फोन जातो एजंटला. मिस्त्रीचा नंबर त्यानंतर लागतो. यात एकट्या मालकाला दोष देऊन भागणार नाही. रिक्षा असो, टेम्पो असो की दहा चाकी ट्रक. गाडी उभी राहिली की धंदा थांबतो, फायनान्स कंपनीचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे गाडी नीट करून घेण्यापेक्षा ती पास करून घेण्याकडे सगळ्यांचा कल असतो. ही दोन कामे एकच आहेत असे कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांच्यात बरेच अंतर पडलेले आहे आणि नापास झाल्यानंतरचे बहुतेक प्रश्न त्या अंतरातूनच निघतात.

आधी नियम. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले फिटनेस, लागते. ते नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. हे कलम वाटते त्यापेक्षा कडक आहे. फिटनेस संपलेला टेम्पो रस्त्यावर सापडला तर तो कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणीचा टेम्पो ठरतो आणि त्याला कलम १९२ लागू शकते. त्यात पहिल्या गुन्ह्याला दोन ते पाच हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच ते दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय कलम ८४ प्रमाणे वैध फिटनेस ही प्रत्येक परमिटची अट असते. म्हणजे एक कागद गेला की दुसराही डळमळतो.

नव्या व्यावसायिक गाडीला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे नूतनीकरण दोन-दोन वर्षांसाठी होते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी मोटार आणि दुचाकीला ही कटकट पंधरा वर्षे नसते. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी दाखवावी लागते आणि मग ती पुढच्या पाच वर्षांसाठी होते. हा लेख मुख्यतः व्यावसायिक गाड्यांबद्दल आहे. पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीच्या मालकाला यातले तीन चतुर्थांश लागू पडेल.

नापास झाल्यावर करायची पहिली गोष्ट म्हणजे कारण लेखी मागणे. कलम ५६ मध्येच तशी तरतूद आहे: प्रमाणपत्र नाकारायचे असेल तर नाकारण्याची कारणे मालकाला लेखी दिली पाहिजेत. मैदानावर मात्र ‘ब्रेक नाही, परत आणा’ किंवा ‘लाइट बघून घ्या’ एवढ्यावर निकाल लागतो. चालक ते अर्धेमुर्धे ऐकतो, मालकाला फोनवर आणखी अर्धे सांगतो आणि मिस्त्रीपर्यंत पोचेस्तोवर ‘ब्रेकचे काहीतरी आहे’ एवढेच उरते. मग मिस्त्री लायनर बदलतो, दोष व्हील सिलिंडरमध्ये असतो आणि गाडी पुन्हा नापास होते. लेखी कारण हाती असेल तर दुरुस्ती नेमकी होते, पुनर्तपासणीत नवाच दोष काढला गेल्यास विचारता येते आणि अपील करायचे झाले तर आधार राहतो. अपिलाची मुदत कलम ५७ प्रमाणे आदेश मिळाल्यापासून तीस दिवस आहे. ज्याच्याकडे आदेशच नाही त्याची मुदत सुरू कधी झाली आणि संपली कधी, याचा वाद घालत बसावे लागते.

दुसरी गोष्ट, गाडी घेऊन जायची कशी. इथे एक बारकावा आहे. जुने प्रमाणपत्र संपण्याआधीच गाडी तपासणीला नेली असेल, तर नापास होताक्षणी जुने प्रमाणपत्र आपोआप रद्द होत नाही. ते रद्द करायचे तर अधिकाऱ्याला कारणे नोंदवून तसा आदेश काढावा लागतो. पण म्हणून त्याच गाडीत माल भरून नाशिक-मुंबई फेरी मारायला मोकळीक मिळाली असे समजू नये. कलम १९० मध्ये, माहीत असलेल्या किंवा साध्या काळजीने लक्षात आला असता अशा धोकादायक दोषासह गाडी चालवणे आणि चालवू देणे हाही गुन्हा आहे. तपासणीपूर्वी मालक ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणू शकत होता. नापासाचा शेरा मिळाल्यावर तो बचाव संपला. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष असेल तर गाडी रिकामी करावी, गॅरेजपर्यंत नेण्याबाबत अधिकाऱ्याशी बोलून लेखी घ्यावे आणि तसे मिळत नसेल तर टो करून न्यावी. वायपर चालत नाही म्हणून नापास झालेल्या आणि ब्रेक एका बाजूला ओढतो म्हणून नापास झालेल्या गाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्या शेऱ्यात मात्र दोन्ही सारख्याच नापास.

आता दोषांकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ६२ मध्ये तपासणीच्या बाबी दिलेल्या आहेत: हेडलाइटचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. पुढे त्यात वेगनियंत्रक, लोकेशन ट्रॅकर, फास्टॅग अशी भर पडत गेली. यादी लांबलचक वाटली तरी गाड्या अडकतात त्या चार-पाच ठिकाणीच.

ब्रेक सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त फसवणारा. रोलर ब्रेक टेस्टरवर गाडीचे चाक दोन फिरत्या रोलरमध्ये बसते, ब्रेक दाबला की दोन्ही चाकांवर किती जोर लागला ते वेगवेगळे मोजले जाते. चालकाला पायाखाली ‘ब्रेक लागतोय’ असे वाटते तेव्हा तो एकूण परिणाम सांगत असतो. डावे चाक जोरात धरते आणि उजवे निसटते हे त्याला कोरड्या सरळ रस्त्यावर कळत नाही. पावसात कसारा घाट उतरताना कळते. अशा असमान ब्रेकचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे एका चाकाच्या लायनरला ऑइल लागलेले असणे. ते ऑइल येते हबच्या फाटलेल्या सीलमधून किंवा गळणाऱ्या व्हील सिलिंडरमधून. गॅरेजमध्ये लायनर बदलून गाडी पास होते, पण सील तोच राहिला तर नवे लायनर थोड्याच दिवसांत पुन्हा चिंब होतात. म्हणून मिस्त्रीला ‘लायनर टाक’ असे न सांगता ‘ऑइल कुठून येतेय ते शोध’ असे सांगावे. ड्रम अंडाकृती झाला असेल तर तो लेथवर फिरवून घ्यावा, मर्यादेपलीकडे झिजला असेल तर बदलावा, आणि हे काम एका चाकाचे न करता अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे करावे. एअर ब्रेकच्या गाडीत पाइप, डायफ्रॅम आणि स्लॅक अ‍ॅडजस्टर पाहिल्याशिवाय लायनरला हात लावू नये. ही दुरुस्ती महाग नाही. वेळखाऊ आहे, आणि नापास गाडीच्या मालकाकडे तोच नसतो.

धुराचे गणित वेगळे. डिझेल गाडीचा धूर अपारदर्शकतेच्या मापात मोजतात. त्याची मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना २.४५, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७ अशी उतरत आली आहे. जुना ट्रक काळा धूर ओकतो त्यामागे बहुधा तीनच गोष्टी असतात: तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेले नोझल आणि वाढवून ठेवलेला पंप. यातला पंप हा आपल्याकडचा खास प्रकार. घाट चढायला ताकद हवी म्हणून डिझेल पंप वाढवून घ्यायचा, पासिंगच्या आधी कमी करून घ्यायचा आणि पासिंग झाले की परत वाढवायचा. यात पैसे तीनदा जातात: दोनदा मिस्त्रीला आणि उरलेले वर्षभर पेट्रोल पंपावर. बीएस-६ गाडीत मात्र ही हातचलाखी चालत नाही. तिथे धूर वाढला तर सेन्सर, फिल्टर आणि युरियाची यंत्रणा तपासावी लागते आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे त्यासाठी लागणारा स्कॅनर असेलच असे नाही.

दिव्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत नवा रोग आला आहे. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवतात. प्रकाश डोळ्यांना भगभगीत वाटतो, मालक खूश होतो, पण झोत फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. झोत मोजणाऱ्या यंत्रावर ही गाडी हमखास अडकते. उपाय सोपा आहे: कंपनीचा बल्ब परत बसवा आणि फोकस जुळवून घ्या. रेडियमच्या पट्ट्यांचेही तसेच. ट्रकच्या मागे-बाजूला लावायची परावर्तक टेप प्रमाणित दर्जाची लागते. रंगाच्या दुकानातली चकचकीत पट्टी दिवसा तशीच दिसते, रात्री दिसत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीला अंधारात मागून दुचाकी धडकल्याच्या बातम्या साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत दर हंगामात येतात. त्या वाचल्यावर तरी या पट्टीला फालतू म्हणू नये.

स्टिअरिंगमध्ये किंगपिन, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांची झीज पाहतात. टायरमध्ये नक्षीची खोली: दुचाकी-तीनचाकीला किमान ०.८ मिलिमीटर, मोठ्या वाहनाला १.६ मिलिमीटर. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा आरटीओच्या पथकांनी प्रवेशद्वारावरच टायर पाहून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली. सहा पदरी काँक्रीटवर तासन् तास एका वेगात धावणाऱ्या टायरची परीक्षा गावच्या रस्त्यापेक्षा कठीण असते, हे त्या निमित्ताने अनेकांना प्रथमच समजले.

यांखेरीज कागदी कारणे. चेसिस नंबर गंजून पुसट झाला, बॉडीची लांबी-उंची नोंदीपेक्षा वाढवली, सीट वाढवले, पीयूसी संपली, विमा संपला, कर थकला. वाढवलेली बॉडी कलम ५२ च्या विरुद्ध आहे. ती पूर्ववत केल्याखेरीज गत्यंतर नाही. पुसट चेसिस नंबर परस्पर ठोकून घेऊ नये. त्यासाठी आरटीओची परवानगी घ्यावी, नाहीतर उद्या गाडी चोरीची ठरण्याची वेळ येते.

हे सगळे वाचून कोणीही म्हणेल की दोष कळला, दुरुस्ती केली, प्रश्न मिटला. तसे होत नाही कारण ‘पासिंगपुरती’ नावाची एक समांतर व्यवस्था आपल्याकडे फोफावलेली आहे. पासिंगपुरते भाड्याचे टायर मिळतात. पासिंगपुरते अग्निशामक सिलिंडर, प्रथमोपचार पेटी, बंपर मिळतात. तपासणी आटोपली की मैदानाबाहेर वस्तू परत. वेगनियंत्रक बसवलेला असतो, पण त्याची वायर काढायला किती वेळ लागतो ते प्रत्येक क्लीनरला ठाऊक असते. या व्यवस्थेला केवळ लबाडी म्हणून सोडून देणे सोपे आहे. माझ्या मते तिच्यामागे एक हिशेब आहे: चार टायर घ्यायला जे पैसे लागतात ते एकगठ्ठा उभे करण्याची ऐपत एकाच गाडीवर पोट असलेल्या मालकाची नसते, आणि सरकारी किंवा सहकारी बँक नव्या ट्रकला कर्ज देते, जुन्या ट्रकच्या ब्रेकला देत नाही. दुरुस्तीसाठी लहान, सोपे कर्ज हा रस्ता सुरक्षेचा उपाय असू शकतो, ही गोष्ट परिवहन धोरणाच्या चर्चेत कधी येतच नाही.

त्यात विलंब शुल्काची भर. फिटनेसची मुदत संपल्यानंतर दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क आकारण्याची तरतूद केंद्राने २०१६ च्या अखेरीस नियमांत आणली. महाराष्ट्रात ती न्यायालयीन वादामुळे बराच काळ रेंगाळली. २०२४ मध्ये वसुली सुरू होताच रिक्षा-टॅक्सी-बस संघटना रस्त्यावर उतरल्या आणि त्या वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारने ती थांबवण्याची घोषणा केली. संघटनांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. गाडी वर्षभर आजारपणामुळे किंवा हप्ते थकल्यामुळे उभी असेल तर दंडाचा आकडा अठरा हजार रुपयांच्या वर जातो, आणि मग मालक गाडी पासिंगला आणण्याऐवजी तशीच चोरून चालवतो. दुसरी बाजूही आहे. मुदत संपून वर्ष झालेली गाडी जर मधल्या काळात भाडे मारत असेल, तर दिवसाला ५० रुपये ही तिला फारच स्वस्त शिक्षा आहे. उभी गाडी आणि चोरून चालणारी गाडी यांत फरक करणारा नियम हवा होता. आपण दोघींना एकच पट्टी लावली आणि ओरड होताच ती पट्टीच उचलली.

ज्यांना दुरुस्तीसाठी महिना-दोन महिने लागणार आहेत त्यांनी वाहन वापरात नसल्याची सूचना, म्हणजे नॉन-यूज, आरटीओकडे आगाऊ द्यावी. त्यामुळे त्या काळातला कर वाचू शकतो आणि गाडी खरोखर उभी होती याचा पुरावा राहतो. एजंट हे सहसा सांगत नाहीत. त्यात त्यांचे कमिशन नसते.

विम्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. फिटनेस नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि न्यायालये पूर्णपणे तिच्या विरोधात जातात असे नाही. परमिट नसलेल्या गाडीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पाल सिंग खटल्यात तो पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग मानला: पीडिताला कंपनीने भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्याच वर्षी परीद पिल्लई प्रकरणात फिटनेस नसण्यालाही हाच न्याय लावला. सगळ्या उच्च न्यायालयांचे यावर एकमत नाही. पण एकमताची वाट पाहण्याची चैन मालकाला परवडणारी नाही, कारण मृत्यूच्या दाव्यातली भरपाई लाखांत असते आणि वसुलीचा हुकूम निघाला तर गाडी विकूनही ती फिटत नाही. नापास शेरा मिळाल्यानंतर ‘एक फेरी मारून येऊ’ म्हणणाऱ्याने हा धोका आधी मोजावा.

आता तपासणाऱ्यांकडे पाहू. महाराष्ट्रात या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती एका जनहित याचिकेमुळे. आरटीओत गाड्या नियमाप्रमाणे न तपासताच प्रमाणपत्रे दिली जातात, अशी तक्रार घेऊन पुण्याचे श्रीकांत कर्वे मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१६ मध्ये सविस्तर निर्देश दिले. ब्रेक चाचणीसाठी २५० मीटर लांबीचा मार्ग हवा आणि जिथे तो नाही तिथे चाचणीचे काम थांबवावे, इथवर गोष्ट पोचली. ज्या कार्यालयांकडे जागा नव्हती त्यांच्या गाड्या दुसऱ्या कार्यालयांत पाठवाव्या लागल्या, रांगा वाढल्या, रिक्षावाले चिडले. २०१८ मध्ये नियम धाब्यावर बसवून प्रमाणपत्रे दिल्याबद्दल राज्यातल्या ३७ आरटीओ अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. यातून एक गोष्ट निर्विवाद झाली. नापास गाड्यांची चर्चा आपण वर्षानुवर्षे करत आलो, पण गाडी मुळात तपासलीच जात नसेल तर ती नापास होणार कशी?

माणसाच्या नजरेवरचा हा भार यंत्रावर टाकण्याचा प्रयत्न आधीच सुरू झाला होता. केंद्राच्या मदतीने नाशिकला स्वयंचलित तपासणी आणि प्रमाणन केंद्र उभे राहिले. मग २३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे, म्हणजे एटीएसचे, नियम अधिसूचित केले. अवजड वाहनांसाठी ही केंद्रे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची करायची असे ठरले होते. तारीख पुढे सरकत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत गेली, कारण केंद्रेच पुरेशी उभी राहिली नव्हती. जिथे एटीएस नाही तिथे जुनी पद्धत चालू आहे. त्यामुळे तुमची गाडी कोणत्या पद्धतीने नापास झाली यावर पुढची वाट ठरते.

एटीएसमध्ये नापास झाल्यास दुरुस्ती करून, शुल्क भरून ठरलेल्या मुदतीत पुनर्तपासणी मागता येते. निकालच मान्य नसेल तर राज्याने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. तो अंशतः किंवा पूर्ण फेरचाचणीचा आदेश देऊ शकतो. यंत्राचा मोठा फायदा इथे दिसतो. ‘ब्रेक नाही’ याऐवजी कोणत्या चाकावर किती जोर लागला याचा आकडा कागदावर येतो. आकड्याशी वाद घालता येतो, साहेबांच्या मताशी घालता येत नाही. मात्र यंत्राच्याही मर्यादा आहेत. हवा कमी असलेल्या किंवा ओल्या टायरने रोलरवर आकडा बिघडतो. म्हणून फेरचाचणीला जाताना टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाला भरावी, ब्रेक आधी थोडे वापरून गरम करावेत, एअर टाकी पूर्ण भरू द्यावी आणि चालक गाडीची सवय असलेलाच पाठवावा. रिक्षाच्या मीटरची वैधमापन खात्याची तपासणी बाकी असेल तर ते काम आधी उरकावे, नाहीतर ब्रेक पास होऊन गाडी मीटरवर अडकते.

एटीएसच्या नियमांतली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: चाचणी केंद्राने गाड्या दुरुस्त करायच्या नाहीत, सुटे भागही विकायचे नाहीत. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा ठेवला की दोष उगाच काढण्याचा मोह कमी होतो. ब्रिटनने नेमका उलटा रस्ता धरला आहे. तिथली एमओटी नावाची वार्षिक तपासणी १९६० पासून चालू आहे आणि ती मुख्यतः खासगी गॅरेजच करतात. नापास गाडी तिथेच ठेवून दुरुस्त केली आणि कामाच्या दहा दिवसांत पुन्हा दाखवली तर अंशतः फेरतपासणी फुकट होते. मे २०१८ पासून तिथे दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे वर्ग केले आहेत. किरकोळ दोषाने गाडी नापास होत नाही, फक्त नोंद होते. धोकादायक दोषाची गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय गाडीचा क्रमांक टाकला की तिच्या मागच्या तपासण्यांचा इतिहास, कशात नापास झाली होती यासकट, कोणालाही पाहता येतो. गॅरेजला तपासणीचे काम देण्याची त्यांची पद्धत आपल्याकडे आणू नये असे माझे ठाम मत आहे. दोषांची वर्गवारी आणि उघडा इतिहास मात्र उद्या आणावा. वायपर आणि ब्रेक एका पारड्यात तोलणे त्याने थांबेल, आणि सोलापूरला नापास झालेला ट्रक नांदेडला विकला जाताना घेणाऱ्याला तो काय घेतोय हे कळेल.

काही गाड्यांची दुरुस्ती परवडतच नाही. चेसिस गंजून सडली, इंजिन आणि ब्रेक दोन्ही गेले, तर मिस्त्रीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या वर जातो. अशा वेळी भावना बाजूला ठेवून हिशेब करावा. वारंवार नापास होणारी गाडी शेवटी आयुष्य संपलेली म्हणून नोंदली जाऊ शकते आणि मग तिची विक्रीही अवघड होते. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते. राज्यांना खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर आधी तो उतरवावा लागतो. परस्पर कुर्ल्याच्या भंगारवाल्याला गाडी देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आरसी रद्द होईपर्यंत कागदावर मालक तेच असतात. त्या क्रमांकाची पाटी दुसऱ्या गाडीला लागली, तर चलन त्यांच्याच मोबाइलवर येते.

वयाची सक्ती हा निराळा मुद्दा. दिल्लीत दहा वर्षांचे डिझेल आणि पंधरा वर्षांचे पेट्रोल वाहन वयामुळे बाद ठरवण्याचा रस्ता न्यायालयीन आदेशांतून आला. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘पद्मिनी’ रस्त्यावरून गेली. तिचे ब्रेक त्या दिवशी उत्तम असतील तरी उपयोग नव्हता. वय हा तपासणीचा आळशी पर्याय आहे. तपासणी विश्वासार्ह नसली की सरकारे वयाकडे वळतात, आणि मग नीट सांभाळलेली वीस वर्षांची गाडी बाद होते आणि न सांभाळलेली सहा वर्षांची सुखाने चालत राहते.

मालकांसाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पासिंगची तारीख संपण्याच्या महिनाभर आधी गाडी स्वतःच्या मिस्त्रीकडून नियम ६२ च्या यादीप्रमाणे तपासून घ्यावी. नापास होण्यातला बहुतेक खर्च हा दुरुस्तीचा नसून उभ्या दिवसांचा असतो आणि तो अशाने टळतो. आणि नापासाचा शेरा, दुरुस्तीची बिले, बदललेल्या भागांची नोंद एका फायलीत ठेवावी. अपील, विमा आणि विक्री या तिन्ही ठिकाणी ती कामाला येते.

आणि ज्यांच्याकडे व्यावसायिक गाडी नाही त्यांनीही हा विषय परका मानू नये. गाडीचा क्रमांक टाकला की तिचे फिटनेस कोणत्या तारखेपर्यंत आहे ते एम-परिवहन ॲपवर दिसते. आपल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचा क्रमांक आज संध्याकाळी त्यात टाकून पाहा, आणि तारीख उलटलेली असेल तर उद्या सकाळी मूल व्हॅनमध्ये बसवण्याआधी व्हॅनवाल्या काकांना विचारा.